घरातला तिकीटसंग्रह लिलावाला देताना

संग्रह हाती आला की पहिले काही दिवस त्यातलं काहीही हलवू नका. पुसू नका, वेगळं करू नका, "जरा नीट लावून ठेवूया" म्हणून नव्या अल्बममध्ये घालू नका. घरातलं माणूस गेल्यावर कपाटं आवरताना हात आपोआप चालतात आणि नेमक्या त्याच दिवसांत संग्रहाचं सगळ्यात जास्त नुकसान होतं. माझ्या हातून ते झालं आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

आमचे बाबा वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात हिशेबनीस होते. कारखान्याला परदेशातून येणाऱ्या पत्रांवरची तिकिटं त्यांना मिळायची, बाकीची त्यांनी पन्नास वर्षं पगारातून थोडी थोडी घेतली. ते गेले त्यानंतरच्या पावसाळ्यात मी नौपाड्याच्या घरातलं लोखंडी कपाट उघडलं. चौदा अल्बम निघाले आणि एक बिस्किटांचा पत्र्याचा डबा. डब्यात जुनी पाकिटं होती, त्यांतली साठेक आजोबांच्या धाकट्या भावाची. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते एडनच्या बंदरात कारकून होते आणि दर महिन्याला ठाण्याला पत्र पाठवायचे. पाकिटं मळलेली, कडा फाटलेल्या, एका बाजूला सेन्सॉरने उघडून पुन्हा चिकटवल्याची छापील पट्टी. मला वाटलं, तिकिटं तेवढी महत्त्वाची. परातीत कोमट पाणी घेतलं, तिकिटाभोवतीचा कागद कापला, भिजवला, तिकिटं सोडवून वर्तमानपत्रावर वाळत घातली. पाकिटांचे उरलेले तुकडे रद्दीत गेले.

पुढच्या वर्षी बाबांच्या ओळखीच्या एका वयस्कर संग्राहकांना ती तिकिटं दाखवली. त्यांनी भिंगही बाहेर काढलं नाही. "आणि पाकिटं?" एवढंच विचारलं. सुटी म्हणून त्या तिकिटांना फारशी किंमत नव्हती. एडनचा शिक्का, सेन्सॉरची पट्टी, मागच्या बाजूला ठाण्याला पोचल्याचा शिक्का आणि तारीख, हे सगळं एकाच पाकिटावर होतं आणि संग्राहक पैसे मोजतात ते त्यासाठी. पत्र कुठून निघालं, कोणत्या वाटेनं आलं, वाटेत कुणी उघडलं, याचा तो पुरावा असतो. म्हणून जुनं पाकीट, पोस्टकार्ड, तारेचा कागद, मनीऑर्डरचा फॉर्म, कोरा किंवा लिहिलेला, जसा सापडला तसा ठेवा. आतलं पत्रही त्याच पाकिटात राहू द्या. घरगुती मजकुराचा संकोच वाटत असेल तर विकायचं की नाही ते नंतर ठरवा, पण वेगळं करू नका.

आधी जपणूक

ठाण्याची आणि नवी मुंबईची हवा तिकिटांना मानवत नाही. दोन्हीकडे खाडी, त्यात चार महिने पाऊस. कोऱ्या तिकिटामागचा डिंक दमट हवेत ओलसर होतो आणि तिकीट अल्बमच्या पानाला धरतं. कागदावर तांबूस ठिपके पडू लागतात. संग्राहक त्याला टोनिंग म्हणतात. तो तांबेरा एका तिकिटावरून शेजारच्या तिकिटावर पसरतो आणि किंमत निम्म्याहून खाली आणू शकतो. तेव्हा जून ते सप्टेंबर अल्बम उघडून बसू नका. कोरड्या दिवशी, पंखा बंद करून, हात धुऊन पुसून, चपट्या टोकाच्या चिमट्यानेच तिकीट उचला. भुवयांचा चिमटा चालत नाही, त्याच्या टोकाने कागदाला खाच पडते.

अल्बम आडवे एकावर एक रचू नका, पुस्तकांसारखे उभे ठेवा. कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या महिन्या-दोन महिन्यांनी बदला. डांबरगोळ्या अल्बमच्या आत नकोत. स्वस्त प्लास्टिकच्या पिशव्याही नकोत, काही प्लास्टिक वर्षानुवर्षांत तिकिटाची शाई ओढून घेतं. चिकटलेलं तिकीट ओढून काढायचा मोह फार होतो, तो टाळा. ते काम करणारी माणसं आहेत आणि ती वाफ, वेळ आणि हात यांचा अंदाज असलेली आहेत.

यादी

यादी म्हणजे प्रत्येक तिकिटाचा पत्ता लावणं, असं समजून लोक घाबरतात आणि मग यादीच करत नाहीत. तेवढी गरज नसते. प्रत्येक पानाचा खिडकीच्या उजेडात मोबाइलवर फोटो काढा, फ्लॅश न वापरता. अल्बमला अ, आ, इ असं नाव द्या, पानाला आकडा. वहीत एका ओळीत लिहा: देश किंवा संस्थान, साधारण काळ, कोरी की वापरलेली, किती, आणि डोळ्यांना दिसणारा दोष. आमच्या वहीतली एक ओळ अशी होती: "इ-७, ग्वाल्हेर संस्थान, राणी व्हिक्टोरियाचा काळ, वापरलेली २२, दोन फाटकी, एकाचा कोपरा नाही." लिलाववाल्यांना पहिल्या भेटीत एवढं पुरतं. अल्बमच्या पानावर पेनने काही लिहू नका, पेन्सिलनेही नको.

यादीइतकीच महत्त्वाची चीज म्हणजे संग्रह करणाऱ्याची स्वतःची कागदपत्रं. बाबांच्या कपाटात खालच्या खणात एक फाइल होती: जुन्या व्यापाऱ्यांच्या पावत्या, मुंबई जीपीओतल्या फिलॅटेलिक डिपॉझिट खात्याची (आगाऊ पैसे भरून नवी तिकिटं घरी मागवायच्या खात्याची) पत्रं, एका प्रदर्शनाचं प्रशस्तिपत्र, आणि कुठलं तिकीट कुणाकडून कधी घेतलं याची बारीक अक्षरातली टिपणं. हे सगळं अल्बमबरोबर जायला हवं. एखादं तिकीट १९६४ मध्ये कुणाकडून, किती रुपयांना आलं याची पावती जोडलेली असेल, तर बोली लावणाऱ्याला अस्सलपणाचा एक धागा हाती मिळतो. आपल्याला ती फाइल रद्दी वाटते, जाणकाराला ती संग्रहाची जन्मपत्रिका वाटते.

काय मोलाचं, काय नाही

इथे मी जरा थांबणार आहे, कारण बहुतेक घरांतली निराशा इथेच होते.

ठाणेकरांच्या अल्बममध्ये एक तिकीट हमखास असतं: १६ एप्रिल १९५३ ला निघालेलं, रेल्वेच्या शताब्दीचं, दोन आण्यांचं, जुनं आणि नवं इंजिन असलेलं. बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी १८५३ ची, त्यामुळे आपल्याला त्याचं अप्रूप जास्त. पण ते भरपूर छापलं गेलं आणि आजही भरपूर मिळतं. स्वातंत्र्यानंतरची बहुतेक स्मारक तिकिटं, १९७० नंतरची फर्स्ट डे कव्हरं (तिकीट निघाल्या दिवशीचा शिक्का मारलेली खास पाकिटं), फुलं-फुलपाखरांच्या परदेशी रंगीत तिकिटांचे संच, पोस्टात कधीच न गेलेली, छापखान्यातच शिक्का मारून संग्राहकांसाठी विकलेली पूर्व युरोपची आणि आखाती संस्थानांची तिकिटं, हे सगळं सुंदर असतं, पण लिलावात एकेक करून जात नाही. डबाभर एकत्र लॉट म्हणून, म्हणजे एकाच बोलीत विकायचा गठ्ठा म्हणून, गेलं तर गेलं. वय म्हणजे किंमत नव्हे, हे आधीच मनाशी पक्कं केलं की पुढचे निर्णय नीट होतात.

आता दुसरी बाजू. सिंध डाक हे आशियातलं पहिलं चिकटवायचं टपाल तिकीट, १८५२ मध्ये सिंधचे कमिशनर बार्टल फ्रियर यांनी काढलेलं, अर्ध्या आण्याचं. लाल लाखेच्या चकतीवर उठवलेलं ते तिकीट हाताळताना तडकायचं, म्हणून पुढे पांढऱ्या आणि निळ्या कागदावर काढलं. तुमच्याकडे ते आहे असं वाटत असेल तर आनंद जरा आवरून धरा, याच्या नकला फार आहेत. त्यानंतर १८५४ ची कंपनी सरकारच्या काळातली तिकिटं, कोलकात्याला छापलेली, दोन आण्यांचं सोडून बाकी शिळाछापावर: अर्धा आणा निळा, एक आणा लाल, दोन आणे हिरवा, चार आणे लाल-निळा. या तिकिटांना कडेची भोकं नाहीत, पोस्टातला माणूस कात्रीने कापून द्यायचा. म्हणून तिकिटाच्या चारही बाजूंना कोरी किनार किती उरली आहे, यावर किंमत फिरते. अर्ध्या आण्याचं निळं तिकीट तसं बरंच मिळतं, पण चारही किनारी स्वच्छ असलेलं कमी मिळतं. चार आण्याचं तिकीट त्या काळी लोक अष्टकोनात कापून लावायचे, तसं कापलेलं असेल तर भाव खूप उतरतो. याच चार आण्यांच्या तिकिटात राणीचं डोकं उलटं छापलेली मोजकीच आढळली आहेत आणि ती जगभरात नाव असलेली आहेत.

संस्थानांची तिकिटं आपल्याकडे दुर्लक्षिली जातात. हैदराबाद, ग्वाल्हेर, त्रावणकोर, कोचीन हे ठाऊक असतात, पण पुण्याजवळच्या भोर संस्थानानेही १८७९ मध्ये स्वतःची तिकिटं काढली होती. अशी लहान संस्थानांची, विशेषतः पाकिटावर असलेली, बाजूला काढून ठेवा. ग्वाल्हेर, पतियाळा, नाभा, जिंद यांच्या तिकिटांवर भारताच्या तिकिटावरच संस्थानाचं नाव वरून छापलेलं असतं. हे वरचं छापील नाव बनावटही असतं, तेव्हा ते आपण ठरवायचं नाही.

आणि गांधीजींचा १९४८ चा सेट. १५ ऑगस्ट १९४८ ला निघालेली चार तिकिटं: दीड आणा, साडेतीन आणे, बारा आणे आणि दहा रुपये. छपाई स्वित्झर्लंडच्या कुर्व्हॉझिए छापखान्यात झाली. पहिली तीन सहज मिळतात. दहा रुपये ही त्या काळी मोठी रक्कम होती, त्यामुळे ते तिकीट कमी लोकांनी घेतलं आणि सेटची किंमत त्या एकाच तिकिटावर उभी आहे. याच तिकिटावर गव्हर्नर जनरलच्या कचेरीसाठी 'सर्व्हिस' असं छापून फक्त १०० प्रती काढल्या होत्या. त्यांतली चार तिकिटांची एक सलग पट्टी २०१७ मध्ये लंडनच्या स्टॅन्ली गिबन्स या तिकीट व्यापारी कंपनीने पाच लाख पौंडांना विकली. ही बातमी तेव्हा इतकी फिरली की त्यानंतर घरोघरचे दहा रुपयांचे गांधी बाहेर आले आणि त्यांत नकली किती निघाले याची गणती नाही. तिकिटाचा मागचा भाग बघा: पूर्वी अल्बमला चिकटवण्यासाठी हिंज नावाची कागदाची पट्टी लावत. तिचा डाग डिंकावर असेल तर भाव उतरतो. डिंक अगदी जसाच्या तसा असेल तर चढतो. पण "डिंक स्वच्छ करूया" हा विचारही मनात आणू नका.

परदेशी अल्बमही एकदा डोळ्यांखालून घाला. चीनचं १९८० चं लाल पार्श्वभूमीवरचं माकडाचं आठ फेनचं तिकीट आज फार मागणीचं आहे. भूतानने सत्तरच्या दशकात काढलेली, ग्रामोफोनवर खरोखर वाजणारी तिकिटंही. कारखान्याच्या टपालातून आलेली अशी तिकिटं मुलांच्या अल्बममध्ये पडून असतात.

अस्सल आहे का

दोन-तीन तिकिटं खरोखर मोलाची वाटत असतील तर त्यांना तज्ज्ञ मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. लंडनची रॉयल फिलॅटेलिक सोसायटी, १८६९ पासूनची, हे काम करते. तिच्या तज्ज्ञ समितीचं फोटोसह प्रमाणपत्र जगात कुठेही मानलं जातं. सगळा संग्रह तपासून घ्यायच्या भरीस पडू नका, खर्च आणि महिने दोन्ही जातात. तिकिटाची अपेक्षित किंमत प्रमाणपत्राच्या खर्चाच्या कितीतरी पट असेल तरच ते करा आणि ते लिलाववाल्यांच्या मार्फत करा. पाठवण्याची, विम्याची आणि कायद्याची बाजू ते सांभाळतात.

कायद्याचं म्हणाल तर १९७२ चा पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती कायदा इथे लागू होऊ शकतो. शंभर वर्षांहून जुन्या ऐतिहासिक वस्तू आणि पंच्याहत्तर वर्षांहून जुनी ऐतिहासिक मोलाची कागदपत्रं परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाहीत. परदेशातले नामांकित लिलावगृह जास्त भाव देईल म्हणून बॅगेत अल्बम घालून विमानात बसणं हा गुन्हा ठरू शकतो. लंडनचं स्पिंक, जिनिव्हाचं डेव्हिड फेल्डमन ही मोठी नावं आहेत, पण व्हिक्टोरियाच्या काळातला भारतीय संग्रह भारतातच विकायचा आहे असं धरूनच पुढे चला. भारतीय तिकिटांचे सगळ्यात हिरिरीने बोली लावणारे लोकही इथेच आहेत, त्यामुळे त्यात तोटा मानू नका.

दारात येणारे खरेदीदार

लिलावाचं ठरवण्याआधी एक गृहस्थ आमच्या घरी आले. बाबांना ओळखत होते म्हणे. आईने चहा ठेवला. त्यांनी चौदा अल्बम अर्ध्या तासात उलटले, इतक्या वेगाने की मला पानं मोजता आली नाहीत. तीन ठिकाणी मात्र त्यांचा हात थांबला. खिशातून चिमटा काढला, तीन तिकिटं एका पाकिटात घातली आणि म्हणाले, "एवढी माझ्या संग्रहात कमी आहेत, दोन हजार घ्या, बाकीचं मग बघू." दादा खारघरहून आलेला होता म्हणून ती परत अल्बममध्ये गेली. त्या तीनपैकी एक तिकीट पुढे लिलावात एकट्याने जितक्याला गेलं, तितके पैसे दुसऱ्या दोन अख्ख्या अल्बमांना मिळून आले नाहीत.

घरात आलेल्या माणसाने वेचून काढलेली तिकिटं कधीच देऊ नका, किंमत कितीही गोड वाटली तरी. पण त्यांचा हात कुठे थांबला ते मात्र लक्षात ठेवा.

जाणकार मदतीसाठी लागणारच. तो मिळवायचा मार्ग म्हणजे तिकीट प्रदर्शनं. टपाल खात्याचं राज्यस्तरीय महापेक्स भरतं तेव्हा तिथे संग्राहक, व्यापारी आणि परीक्षक एकाच छताखाली असतात. दोन-तीन पानांचे फोटो मोबाइलवर दाखवा, मूळ अल्बम नेऊ नका. मुंबई जीपीओच्या फिलॅटेलिक ब्यूरोतही संग्राहक भेटतात. ज्याला विकत घ्यायचं नाही अशा माणसाचं मत सगळ्यात कामाचं.

लिलावगृह निवडणं आणि करार

मुंबईत नाणी, नोटा आणि तिकिटांचे लिलाव करणारी काही गृहं आहेत. कमीत कमी तिघांशी बोला आणि प्रत्येकाकडून दोन गोष्टी मागा: मागच्या दोन-तीन लिलावांचे कॅटलॉग आणि त्या लिलावांत प्रत्यक्षात काय भाव आले त्याची यादी. तुमच्याकडे संस्थानांची तिकिटं असतील तर त्या यादीत संस्थानांची तिकिटं विकली गेलेली दिसली पाहिजेत. नुसती नाणीच विकणाऱ्याकडे तिकिटांचे ग्राहक नसतात.

स्टॅन्ली गिबन्सच्या कॅटलॉगमधला भाव हा दुकानातला विक्रीचा भाव असतो आणि तोही उत्तम अवस्थेतल्या तिकिटाचा. लिलावात सहसा त्याचा काही अंश मिळतो. आमच्या एका काकांनी कॅटलॉग घेऊन बसून बेरीज केली आणि घरात सगळ्यांच्या डोळ्यांसमोर तो आकडा बसला. मग प्रत्येक खरा अंदाज लुबाडणूक वाटू लागला. कॅटलॉगचा आकडा घरात उच्चारूच नका, प्रत्यक्ष लिलावांच्या यादीतला आकडा बोला.

करारात पैशांचा हिशेब नीट समजून घ्या. समजा हातोडा एक लाखावर पडला, म्हणजे शेवटची बोली एक लाखाची झाली. विकणाऱ्याचं कमिशन १५ टक्के ठरलं असेल तर १५,००० रुपये वजा, त्या कमिशनवर १८ टक्के जीएसटी म्हणजे २,७०० आणखी वजा. तुमच्या हातात ८२,३०० रुपये येतात. घेणाऱ्याकडूनही लिलावगृह आपला हिस्सा घेतं, समजा २० टक्के, आणि त्यावर कर. म्हणजे ज्याची एकूण तयारी सव्वा लाखाची आहे, तो हात वर करतो लाखापर्यंतच. घेणाऱ्याकडून घेतलेला हिस्साही शेवटी तुमच्याच किमतीतून गेलेला असतो, म्हणून दोन्ही टक्के मिळून विचार करा. मोठ्या संग्रहासाठी विकणाऱ्याचं कमिशन कमी करून मागता येतं. मागायला संकोच करू नका, तसा प्रघात आहे.

फोटो, कॅटलॉग आणि विमा यांचे वेगळे पैसे लागतात का, पैसे लिलावानंतर किती दिवसांत येतात, माल मध्येच परत घेतला तर दंड किती, न विकलेला लॉट परत आणायचा खर्च कोणाचा, हे सगळं लेखी घ्या. तोंडी आश्वासन कितीही प्रेमाने दिलेलं असो.

राखीव किंमत, म्हणजे जिच्याखाली लॉट द्यायचा नाही ती, फार वर ठेवायचा मोह होतो. वर ठेवली की सुरुवातीची बोलीच येत नाही, आणि एकदा न विकलेला लॉट पुढच्या वेळी लोक थंडपणे बघतात. उलट सुरुवात खाली ठेवली तर दोघे-तिघे आत येतात आणि चढाओढ तिथून होते. अगदी मोलाच्या दोन-तीन लॉटना राखीव किंमत ठेवावी, बाकीच्यांना कमी किंवा अजिबात नाही, असं माझं मत आहे.

लॉट पाडण्याच्या वेळी मात्र स्वतः हजर राहा. लिलाववाल्यांना कमी लॉट सोपे पडतात, प्रत्येक लॉटचा फोटो आणि वर्णन करावं लागतं म्हणून. तुमचं हित वेगळं असतं. दहा रुपयांचा गांधी सेटमध्येच ठेवावा, सेट फोडू नये. १८५४ च्या तिकिटांना प्रत्येकी वेगळा लॉट. संस्थानांची एकेका संस्थानाप्रमाणे. एका कुटुंबाची, एका गावाची पाकिटं एकत्र, कारण त्यांची गोष्ट एकत्र आहे. आणि उरलेला ढीग एका मोठ्या लॉटमध्ये, त्यात एखादं बरं तिकीट राहू द्या म्हणजे घेणाऱ्याला उत्सुकता राहते. माझ्या समोर हे झालं तेव्हा भोरची दोन तिकिटं मोठ्या डब्यात चालली होती. ती मी बाजूला काढायला लावली.

वारस आणि कर

संग्रह वारशाने आला असेल तर विकण्याआधी सगळ्या वारसांची लेखी संमती घ्या. भावंडांत कितीही एकी असली तरी. लिलाववालेही ती मागू शकतात आणि पुढे एखाद्या तिकिटाला अनपेक्षित भाव आला तर तो कागदच नाती राखतो. आमच्याकडे आई, दादा आणि मी अशा तिघांच्या सह्या होत्या. पैसे कोणाच्या खात्यात येणार हेही त्यातच लिहिलं होतं. पॅन आणि आधारची प्रत लागते. कराच्या बाबतीत विक्रीनंतर नव्हे, आधी सीएंकडे जा, बाबांच्या पावत्या घेऊन. वारशाने आलेल्या मालमत्तेची मूळ किंमत आणि किती काळ बाळगली ते मूळ मालकापासून मोजलं जातं, तेव्हा त्या पावत्यांना इथेही किंमत आहे.

नेऊन देणं आणि लिलावाचा दिवस

अल्बम लोकलने नेऊ नका, गर्दीच्या वेळी तर नकोच. आम्ही रविवारी सकाळी टॅक्सी केली, अल्बम उभे बसतील अशा दोन चाकांच्या बॅगांमध्ये घातले, दोघं मिळून गेलो. तिथे त्यांच्या माणसासमोर पानागणिक मोजणी करून, आमच्या यादीवर त्यांची सही आणि शिक्का घेतला. मोलाच्या तिकिटांचा पुढून आणि मागून फोटो पावतीला जोडला. मोजणीला तीन तास लागले आणि ते देणं अगदी योग्य होतं.

कॅटलॉग छापला की आपल्या लॉटचं वर्णन वाचा. दोष दडवलेला दिसला तर दुरुस्त करायला सांगा. घेणारा नंतर ते कारण दाखवून परत करू शकतो. लिलावाच्या आधी माल बघायला ठेवतात, तिथे जाऊन उभं राहा, कोण कशाकडे बघतंय ते दिसतं. लिलावात स्वतःच्या लॉटवर बोली लावू नका, घरातल्यांनाही लावू देऊ नका. बऱ्याच बोली आधीच लेखी किंवा इंटरनेटवरून आलेल्या असतात, त्यामुळे सभागृहात रिकाम्या खुर्च्या दिसल्या तर घाबरू नका. आमच्या एडनच्या सुट्या तिकिटांचा लॉट चाळीस सेकंदांत, पहिल्याच बोलीवर गेला.

न विकलेले लॉट लगेच परत आणू नका. लिलावानंतरच्या काही दिवसांत पडून राहिलेल्या लॉटवर खासगीत विचारणा येते, ती लिलावगृहामार्फतच घ्या. तरी नाही गेलं तर वर्षभर थांबून, राखीव किंमत खाली आणून, दुसऱ्या लिलावाला द्या.

सगळं होऊन आमच्याकडे एक अल्बम आणि नव्या काळातली रुपयांतली कोरी तिकिटं उरली. ती विकत कोणी घेत नाही, पण पत्रावर चालतात. दिवाळीत खारघरला पाठवलेल्या पाकिटावर मी बाबांनी घेतलेली तिकिटं लावली होती. दादाने ते पाकीट वरच्या कडेने सुरीने उघडलं आणि आतल्या पत्रासकट बिस्किटांच्या त्या डब्यात ठेवून दिलं.